टॅब, जीपीएस आणि मिरकरवाड्यातले चाचा

गाडीत टॅब आणि जीपीएस रिसीव्हर नीट वायरिंग करून बसवून घेतला त्याचा हा रिव्ह्यू, पण आधीच सांगून टाकतो की हा गाडीच्या दुकानाचा रिव्ह्यू नाहीये, होडीच्या वायरमनचा आहे. रत्नागिरीत मिरकरवाड्याला जेट्टीकडे जाताना एक पत्र्याची शेड लागते, पाटीबिटी काही नाही, बाहेर जुन्या बॅटऱ्यांचा ढीग आणि आत एक चाचा, ज्यांचं रोजचं काम म्हंजे मच्छीमार बोटींवर फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), वायरलेस सेट आणि जीपीएस बसवणं. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, "हाये तेवढी गर्दी पुरे" म्हणाले.

मला हे प्रकरण लागतं कशाला ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल फोन आहे की. माझा धंदा आंब्याचा, बागा कराराने घेतो, म्हंजे मोहोराच्या आधीपासून फवारणीच्या फेऱ्या आणि मार्चपासून तोडणी. आणि बागा असल्या ठिकाणी की पत्ता विचारला तर उत्तर येतं "कातळावरून सरळ जायचं, डाव्या हाताला वड लागला की खाली उतरायचं". दिवसा ठीक आहे, पण तोडणीच्या दिवसांत परत यायला रात्रीचे दहा वाजतात, आणि रात्री कातळ सगळा सारखा दिसतो, रस्ता असा नसतोच, आधी गेलेल्या पिकअपच्या चाकोऱ्या त्याच रस्ता, खूण म्हणून करवंदाची जाळी लक्षात ठेवावी तर करवंदाच्या जाळ्या शंभर. फोनला रेंज नाही आणि रेंज गेली की ऑनलाइन नकाशा म्हंजे कोरा कागद. एकदा बागेतला गुरखा बॅटरी घेऊन मला शोधायला आला होता, माझी बाग राखणारा माणूस मलाच राखायला, आता काय बोलायचं.

तर टॅब घरात पडलेलाच होता. २०२० ला पोराच्या ऑनलाइन शाळेसाठी आठ इंची घेतलेला, नुसता वायफायवाला, स्वस्तातला. त्यात ऑफलाइन नकाशा टाकला, अंगणात घेऊन उभा राहिलो, पंधरा मिनिटं झाली तरी ठिपका काही उमटेना, तेव्हा कळलं की त्यात जीपीएसची चिपच नाहीये. बऱ्याच स्वस्त वायफाय टॅबांत घालतच नाहीत, घेताना बघून घ्या. मग वेगळा रिसीव्हर आणला ऑनलाइन, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, ब्लूटूथचा. यूएसबी वायरवालेही मिळतात आणि स्वस्त पडतात, पण त्यात गोची अशी की टॅबला भोक एकच, ओटीजीने (चार्जिंगच्या भोकाला दुसरी वस्तू जोडायची वायर) रिसीव्हर लावला की चार्जिंग बंद आणि चार्जर लावला की रिसीव्हर बंद, माझ्या टॅबचं तरी असंच होतं. ब्लूटूथवाल्यात रिसीव्हर आपला गाडीवर चालतो, टॅब आपला चार्ज होतो, दोघांचा हवेतूनच काय तो संबंध.

पहिल्यांदा गेलो ते शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात. काचेचं दुकान, एसी, सीट कव्हरचे नमुने टांगलेले, पोरगा चुणचुणीत. दीड तासात काम उरकलं, १८०० रुपये घेतले, आणि दिसायला एकदम भारी, टॅब समोरच्या काचेखाली डबल टेपवाल्या स्टँडवर, वायर कुठे दिसत नाही. मी खुश. खुशी तीन दिवस टिकली. तीन दिवस गाडी दारात उभी होती, चौथ्या दिवशी चावी फिरवली तर टक टक टक, बॅटरी झोपलेली. शेजाऱ्याच्या गाडीवरून वायर लावून चालू केली. त्यानंतर मे महिन्याचं ऊन, स्टँडची टेप वितळून हातखंब्याच्या आधीच्या उतारावर टॅब सुटला तो सरळ गिअरवर, नशीब मागे कोण चिकटून नव्हतं. तिसरं म्हंजे रेडिओ. माझ्या गाडीत जुना स्टेरिओ आहे त्याला मिडियम वेव्ह लागते आणि मी सकाळी आकाशवाणी रत्नागिरी लावतो, तर चार्जर चालू असला की नुसती घुंऽऽ, बातम्या ऐकू येतायत का कोणी मिक्सर लावलाय तेच कळेना. आणि चौथं, ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो ठिपका, तो कधी रस्त्यावर, कधी रस्त्याच्या बाजूला दोनशे मीटर शेतात, कधी गायब. परत दुकानात गेलो तर उत्तर मिळालं की टॅबच खराब आहे साहेब, नवीन अँड्रॉइड स्टेरिओ घ्या, स्कीम चालू आहे.

मामाचा एका ट्रॉलरमध्ये वाटा आहे. त्याच्याकडे हे रडगाणं गायलो तर म्हणाला, "मेल्या, गाडीवाल्याकडे कशाला गेलास? आमच्या चाचांकडे जा. भर समुद्रात ज्याचं वायरिंग टिकतं त्याला तुझ्या डबड्याचं काय." डबडं म्हंजे माझी अल्टो. मामाला बोलायचं भान कधीच नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे मिरकरवाड्यात सगळ्या बोटी गप्प, कोण दोऱ्यांनी बांधून ठेवलेल्या, कोण वर ओढून ताडपत्रीने शाकारलेल्या, जाळी शिवत बसलेली माणसं, आणि सुक्या मासळीचा वास पावसात मिसळून असा काही येतो की नवख्याने नाक धरावं. चाचा मोकळे होते. जूनमध्येच जा, हे मी सगळ्यांना सांगतोय, जुलैच्या मध्यापासून बोटींची तयारी सुरू होते, मग चाचा तुमच्या गाडीकडे बघणारसुद्धा नाहीत.

पहिलं काम काय केलं तर मोबाईलच्या टॉर्चने डॅशखाली बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. नुसतं दोन बोटांनी एक जोड ओढला. टेप निघून हातात आली, उन्हाने तिचा गोंद वितळून काळा चीक झालेला, तो त्यांनी माझ्याच फडक्याला पुसला. खाली दोन तारा नुसत्या पिळलेल्या, आणि तांबं हिरवं पडलेलं. "किती दिवस झाले?" म्हणलं महिना सव्वा महिना. मान हलवली. "किनाऱ्याला हवाच खारी. तांबं उघडं राहिलं की हिरवं पडतं, हिरवं पडलं की करंट अडतो, अडला की जोड तापतो, तापला की आणखी बिघडतो. गाडीत बंद पडलं तर उतरून ढकलशील. बोटीत बंद पडलं तर?" एवढंच बोलले. मग प्लसची वायर कुठून घेतलीये ती माग काढत गेले, तर दुकानातल्या पोराने ती कायम चालू असणाऱ्या लाइनवर मारलेली, चावी काढली तरी चार्जर चालूच, आणि टॅबची स्क्रीन चार्जिंगला बंद होऊ नये असं सेटिंग मीच करून ठेवलेलं. मीटर लावून दाखवलं, जवळपास अर्धा ॲम्पिअर. दिवसाचे चोवीस तास म्हंजे १२ ॲम्पिअर-अवर, तीन दिवसांचे ३६, आणि माझी बॅटरी ३५ ची. हिशोब तोंडी केला त्यांनी, चहाचा कप हातात धरून. मला तीन दिवसांत गाडी का झोपली ते तेव्हा कळलं, दुकानदाराने मला नवीन बॅटरीचा भाव सांगितला होता.

मग सगळं उचकटलं. आणि इथून पुढे जे केलं ते मी स्टुलावर बसून बघत होतो, पावसामुळे जायला जागा नव्हती म्हणूनही आणि बघावंसं वाटलं म्हणूनही.

वायर वेगळीच. आपली नेहमीची लाल तांब्याची नाही, आतले सगळे केस चंदेरी, म्हंजे प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा, बोटींना हीच वापरतात कारण खाऱ्या हवेत ती लवकर सडत नाही. टोक सोलताना एकसुद्धा केस कापला गेला नाही, कापला गेला असता तर म्हणे परत सोलायची. त्यावर आधी नळी सरकवली, ज्याला हीट श्रिंक म्हणतात ती, पण आतून गोंद लावलेली जातीची. मग क्रिम्पिंगच्या पक्कडीने टर्मिनल दाबलं, दाबल्यावर दोन्ही बाजूंनी धरून जोर लावून ओढलं, माझ्याकडे दिलं, "ओढ." ओढलं, निघालं नाही. मग हीट गन. नळी आकसत जाते आणि दोन्ही टोकांना गोंदाचा एक बारीक थेंब बाहेर येतो, गुळाच्या पाकासारखा. तो थेंब दिसला की जोड बंद झाला, पाणी जाणार नाही. दिसला नाही तर कापून परत. एक कापला त्यांनी असा, मला तर बराच वाटला होता.

मी शहाणपणा करून विचारलं की सोल्डर का नाही मारत, पक्कं होईल की. तर म्हणाले सोल्डर तारेत वर चढतं, जिथवर चढतं तिथवर तार काडीसारखी ताठ होते, आणि इंजिनाच्या थरथरीने बरोबर त्या ताठ भागाच्या टोकाला तुटते. बोटीचं डिझेल इंजिन चोवीस तास हादरतं, तिथे शिकलेली गोष्ट. दुसरं, ते निळे-लाल टी-कनेक्टर मिळतात ना, वायर न कापता वरून चिमटा मारायचे, पहिल्या पोराने एक तसा वापरला होता, तो काढून त्याच्या पात्याने अर्धे केस कापलेले मला दाखवले आणि कचऱ्यात टाकला. टाकला म्हंजे भिरकावलाच.

प्लस घेतली फ्यूज बॉक्समधून, लायटर सॉकेटच्या जागेवरून, चावी फिरवल्यावरच चालू होणारी लाइन. तिथला १५ चा निळा फ्यूज आपल्या जागी तसाच आणि त्याच्या पाठीवर आपला वेगळा ३ चा जांभळा, फ्यूज टॅप म्हणतात त्याला. म्हंजे माझ्या टॅबचं काही झालं तर माझाच फ्यूज जाणार, गाडीचं काही जाणार नाही. गाडीची एकही मूळ वायर सोललेली नाही, उद्या विकायची म्हटली तर टॅप उपसायचा की गाडी होती तशी.

मायनसची गंमत सांगायलाच हवी. गाडीवाले मायनससाठी काय करतात, जवळचा कुठलातरी बोल्ट बघतात, वायर गुंडाळतात, झाली अर्थ, म्हंजे करंट परत जायची वाट, कारण सगळी बॉडीच पत्र्याची. चाचांना ते पटेचना. बोट लाकडाची नाहीतर फायबरची, तिला बॉडीची अर्थ कुठून असणार, तिथे प्रत्येक वस्तूला दोन वायरी, एक जाणारी आणि एक परत येणारी, आणि चाळीस वर्षं हाताला तीच सवय. त्यामुळे अल्टोत पण काळी वायर वेगळी ओढली थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत. मी म्हणलं चाचा एवढं कशाला, तर बोल्ट दाखवला, खाली गंजाचा तांबडा चट्टा, "ही तुझी अर्थ." कोकणातल्या दहा वर्षांच्या गाडीत कुठलाही बोल्ट उघडून बघा, असाच असेल. वायर इंजिनाकडून आत येते तिथे पत्र्याला रबराचा बूच असतो त्यातूनच आणली, आणि बुचाच्या बाहेर वायरीला मुद्दाम खाली लोंबता झोल ठेवला. वायरीवर पडलेलं पाणी वायरीवरून चालत आत येतं म्हणे, झोल असला की खालच्या टोकाला जमून तिथेच थेंब थेंब गळून जातं. असला झोल मी आपल्या घराच्या मीटरजवळ पण बघितलेला आहे, कशासाठी असतो ते कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता रिसीव्हर. पहिल्या पोराने तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे कोंबलेला, आणि वर डॅशच्या आतली लोखंडी आडवी पट्टी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर वर, तिथून येणारा सिग्नल आपल्यापर्यंत पोचेस्तोवर इतका क्षीण झालेला असतो की काच आणि प्लास्टिकमधून येतो पण पत्र्याने अडतो. त्याला कमीत कमी चार उपग्रह स्वच्छ दिसायला लागतात, तीन जागेसाठी आणि एक घड्याळ जुळवायला असं समजा. माझ्या रिसीव्हरला बिचाऱ्याला लोखंडाखालून जे काय बाजूबाजूने मिळेल त्यावर भागवावं लागत होतं, म्हणून ठिपका शेतात. चाचांनी काय केलं, रिसीव्हर हातात धरला, टॅबवर प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल दाखवणाऱ्या दांड्या लावल्या आणि डॅशवर इंच इंच सरकवत गेले, जसं आपण पूर्वी टीव्हीचा अँटेना फिरवून "आलं का?" विचारायचो तसं. वरच्या प्लास्टिकच्या खाली, काचेच्या अगदी कडेला, ड्रायव्हरच्या बाजूला एक जागा सापडली जिथे वर नुसतं प्लास्टिक. तिथे बसवला, आतली चौकोनी सिरॅमिकची वडी आभाळाकडे तोंड करून, उलटा नाही. खाली फोमचा तुकडा म्हणजे खडखड नको. पूर्वी पाच-सहा दांड्या दिसायच्या आणि त्यातल्या निम्म्या मेलेल्या, आता उघड्यावर नऊ-दहा दिसतात. काचेला धातूवाली फिल्म असेल तर मात्र ही जागा चालणार नाही असं म्हणाले. आणि ज्यांच्या गाडीत डॅशमध्ये एअरबॅग आहे त्यांनी त्या झाकणाच्या आसपास वायर किंवा काहीच चिकटवायचं नाही, माझ्यात नाहीये म्हणून डॅश उघडला, नाहीतर हात लावला नसता.

रिसीव्हरच्या पोटात एक छोटी लिथियमची बॅटरी होती, जुन्या नोकियाला असायची तसली. ती काढून माझ्या हातात दिली. उन्हात उभ्या गाडीचा डॅश एवढा तापतो की बॅटरी फुगेल. माझा रिसीव्हर बॅटरीशिवाय नुसत्या वायरीवर चालतो, सगळे चालतीलच असं नाही. ह्याचा एक तोटा आहे तो पुढे सांगतो.

चार्जिंगचं पण उलटं निघालं. आधी कनव्हर्टर, म्हंजे गाडीच्या १२ व्होल्टचे टॅबसाठी ५ करणारी डबी, फ्यूज बॉक्सजवळ होता आणि तिथून दोन मीटरची बारीक यूएसबी वायर टॅबपर्यंत, चाचांनी टॅबच्या टोकाला मीटर लावलं तर ५ च्या जागी ४.२ व्होल्ट. बारीक वायरीत व्होल्टेज गळतं, आणि ५ मधून पाऊण गेलं तर टॅबला काय उरलं, १२ मधून पाऊण गेलं तर कोण विचारतो. म्हणून १२ व्होल्ट जाड वायरीने टॅबच्या मागेपर्यंत आणले आणि कनव्हर्टर तिथे बसवला, पुढे टॅबला वीतभर वायर. कनव्हर्टर पण बदलला, लोखंडी डबीतला बसवला, वायरीवर ती घुंऽऽ दाबणारा फेराइटचा मणी चढवला, आणि माझी आकाशवाणी परत आली. एकदम शांत नाही, बारीक किणकिण आहे अजून, पण बातम्या, बाजारभाव सगळं स्वच्छ ऐकू येतं.

टॅब काचेवरून उतरवून खाली एसीच्या झडपेसमोर आणला, ब्रॅकेट ॲल्युमिनियमच्या पट्टीचं, त्यांच्याकडे फिशफाइंडरचे असतात तसं, दोन स्क्रूवर. गार हवा पाठीवर येते त्यामुळे टॅब तापून चार्जिंग सोडत नाही. दिसायला? खरं सांगायचं तर दुकानातल्यासारखं शोरूम फिनिश नाहीये, पट्टी आहे ती पट्टीच दिसते, बायको म्हणाली गाडीत ट्रॉलर घातलास. पण वायर एक दिसत नाही आणि कुठे खडखडत नाही, सगळीकडे कापडी टेप.

सॉफ्टवेअरचं चाचांना विचारू नका, ते मी घरी केलं. ब्लूटूथ जोडायचं, मग टॅबच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन मॉक लोकेशन ॲप निवडायचं, म्हंजे नकाशाच्या ॲपला वाटतं की टॅबलाच जीपीएस आहे. नकाशा ऑफलाइन, ओपनस्ट्रीटमॅपवरचा, त्यात आपल्या चाकोऱ्या आपण रेकॉर्ड करून ठेवू शकतो आणि मला तेच पाहिजे होतं. संपलं एवढंच.

एक घोळ मात्र माझा. आधी मामाचा बोटीवरचा हातातला जीपीएस मागून नेऊन मी काही बागांचे पॉइंट वहीत लिहून ठेवलेले, ते टॅबमध्ये टाकले तर एक बाग समुद्रात. खरंच, किनाऱ्यापासून आठ-दहा किलोमीटर आत पाण्यात ठिपका. चाचांना दाखवलं तर शेडमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं, "बघा ह्यांचा आंबा, जाळ्याने काढणार." झालं काय, बोटीचा जीपीएस अंश आणि मिनिटं दाखवतो, वहीत होतं १७ अंश ०५.४०० आणि ७३ अंश १९.२००, आणि मी टॅबमध्ये ठोकलं १७.०५४ आणि ७३.१९२. मिनिटांना साठने भागायचं असतं, म्हंजे खरं पाहिजे १७.०९ आणि ७३.३२. बोटवाले मिनिटं सोडत नाहीत कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हंजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, अंतर डोक्यात मोजता येतं. ॲपच्या सेटिंगमध्ये दोन्ही पद्धती असतात, मी आता मिनिटांवरच ठेवलंय, म्हंजे मामाशी एका भाषेत बोलता येतं.

त्यावरून चाचांनी जुनी गोष्ट काढली. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सगळ्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, शंभर मीटरपर्यंत इकडे तिकडे, आणि २ मे पासून ती बंद केली. त्याच्या आधी खडकाचा पॉइंट लावून ठेवलेला असला तरी जाळं खडकावर जायचं आणि तांडेल, म्हंजे बोटीचा म्होरक्या, वायरमनला शिव्या द्यायचा. "चूक अमेरिकेची, शिव्या आम्हाला." हे सांगताना त्यांचा हात चालूच होता, केबल टायची शेपटं कापत.

वापरून आता दोन महिने होत आले. रात्री कातळावर दोनदा गेलो, पावसात, धुक्यात, आणि स्वतःच्याच जुन्या चाकोरीवर ठिपका चालताना बघून जरा भरून आलं म्हणा ना. लोक म्हणतात ढगाने जीपीएस जातो, तसं काही नाही, ढगाने आणि पावसाने त्याला फारसा फरक पडत नाही, ओल्या गच्च झाडीने पडतो. आंबा घाटात वळणावर ठिपका मधूनच दरीत उतरून परत रस्त्यावर येतो, एका बाजूला डोंगर आणि वर झाडी म्हटल्यावर तेवढं चालायचं. जयगडहून तवसाळला फेरीबोटीवर गाडी चढवली तेव्हा इंजिन बंद पण चावी ॲक्सेसरीवर ठेवली, आणि टॅबवर गाडी सरळ खाडीच्या पाण्यातून चाललेली. शेजारच्या पुण्याच्या गाडीतलं पोर काचेतून डोकावून बघत राहिलं, त्याचा बाप मात्र रेंज शोधत फोन गोल गोल फिरवत होता.

आता तक्रारी. रिसीव्हरची बॅटरी काढल्यामुळे तो चावी काढली की सगळं विसरतो. रोज सकाळी पहिल्यापासून शोध. प्रत्येक उपग्रह आपली माहिती तीस-तीस सेकंदांच्या फेरीने सांगत असतो, ती एक फेरी न तुटता ऐकायला लागते, फोनला हीच माहिती इंटरनेटवरून आयती मिळते म्हणून तो पटकन लागतो. त्यामुळे उघड्यावर मला चाळीस-पंचेचाळीस सेकंद आणि आमच्या अंगणात माडाखाली दोन-तीन मिनिटं. कायम चालू लाइन देता येईल का विचारलं तर, रिसीव्हर फार खात नाही पण गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर परत तेच रडशील, म्हणून नाही दिली. पटलं मला, तरी सकाळी घाईत चिडचिड होतेच. दुसरं, दुपारच्या उन्हात टॅबची स्क्रीन दिसत नाही, हा टॅबचा दोष, चाचांचा नाही. तिसरं, वेळ. सकाळी नऊला गेलो तो संध्याकाळी साडेपाचला सुटलो, मधे नमाज, जेवण, आणि एका तांडेलाची बॅटरी बघायला तासभर गायब. दुपारी परत येणारच असं गृहीत धरून जाऊ नका.

पैसे २४०० झाले, त्यात वायर, कनव्हर्टर, ब्रॅकेट, मजुरी सगळं. बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब, पण प्रत्येक टर्मिनलचा वेगळा. जुन्या दुकानाची उरलेली वायर गुंडाळून परत दिली. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापलाय तो निळ्या दिव्यासाठी. रिसीव्हरला एक निळा दिवा आहे, डॅशच्या फटीतून तो रात्री समोरच्या काचेत लुकलुकतो, बरोबर रस्ता बघायच्या जागी. तेव्हा दिवसाउजेडी कोणाच्या लक्षात आलं नाही. आत काळ्या टेपचा तुकडा मारला की झालं, पण त्यासाठी डॅशचं झाकण उघडायला लागतं आणि ते मला जमेना, दोन क्लिप मोडायच्या बेतात आल्या तेव्हा सोडून दिलं. परवा फोन केला तर मागे इंजिनांचा आवाज, बोटी सुटल्यायत, म्हणाले नारळी पौर्णिमा होऊ दे, मग ये.